निवडुंगाचे कुंपण आणि त्याची कीड : दख्खनच्या कृषि-इतिहासातील एक प्रकरण

बीडहून सोलापूरकडे जाणारा रस्ता पालीच्या पुढे घाट चढून बालाघाटाच्या पठारावर येतो, तेथे मांजरसुंबा लागते. धुळे-सोलापूर हा मार्ग आणि अहिल्यानगरकडून पाटोद्यावरून केज-अंबाजोगाईकडे जाणारा मार्ग ह्या गावी एकमेकांस छेदतात. त्यामुळे मराठवाड्यात प्रवास करणाऱ्या बहुतेकांस येथील चौक ठाऊक असतो. चौक सोडून शिवाराकडे वळले म्हणजे निंब, वड, चिंच हे जुने वृक्ष, माळावर सीताफळाची झुडपे, आणि बांधाला व परसाला शेर, घायपात, घाणेरी, निवडुंग ह्यांची कुंपणे, असा बालाघाटावरील कोणत्याही गावाचा असतो तसाच देखावा दिसतो. तो इतका परिचयाचा आहे की त्याला इतिहास असेल अशी शंकाही कोणास येत नाही. परंतु ह्या वनस्पतींच्या मूलस्थानाचा हिशेब मांडला तर निंब आणि वड एवढेच काय ते ह्या भूमीचे ठरतात. चिंच आणि शेर आफ्रिकेतून आलेले आहेत. घायपात, घाणेरी व निवडुंग अमेरिकेतून आले. ज्या सीताफळास बीडच्या नावाने २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, तेही मूळचे अमेरिकेचेच. म्हणजे आमचे वृक्ष जुने व घरचे, आणि कुंपण मात्र बहुतांशी परके, असे म्हणावयास हरकत नाही.

ह्या भेदाचा संबंध पानांवरील किडींशी फार निकटचा आहे. वनस्पती परक्या भूमीत आधी येते आणि तिची कीड मागाहून येते. ह्या दोन आगमनांमधील काळ कधी दशकांचा, तर कधी शतकांचा असतो. तेवढ्या काळात ती वनस्पती निर्वैर वाढते. तिचे कुंपण होते, कुंपणाचे रान होते. मग एके दिवशी तिचा जुना सोबती येऊन पोहोचतो, आणि लोकांस वाटते की कोठून तरी अकस्मात रोग आला. कीड ओळखणे हे काम कीटकशास्त्रज्ञाचे खरे. परंतु ती केव्हा, कोठून आणि कोणाच्या हाताने आली हा प्रश्न इतिहासाचा आहे, आणि त्याचे उत्तर ठाऊक नसल्यास उपायही चुकतो, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. दख्खनमध्ये ह्याचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे फड्या निवडुंग.

निवडुंगाला रूढ अर्थाने पाने नसतात. ज्यास आपण पान किंवा फडा म्हणतो ते वस्तुतः रूपांतरित खोड होय. खरी पाने बारीक असून लवकर गळून पडतात. परंतु पानाचे काम फडाच करतो, आणि त्यावर जगणाऱ्या किडीची कथा युरोपच्या व्यापाराशी जोडलेली आहे. मेक्सिकोत निवडुंगावर पोसल्या जाणाऱ्या एका किड्यापासून गडद तांबडा रंग काढीत. हा व्यापार दीर्घकाळ स्पेनच्या मुठीत होता, आणि तांबडे कापड वापरणाऱ्या इंग्लंडास तो रंग विकत घ्यावा लागे. आपल्या भाषेत किरमिजी हा शब्द फारसीच्या वाटेने आला. तोही मुळात किड्यापासून काढलेल्या रंगाचेच नाव आहे, मात्र तो किडा जुन्या जगातील, ओकवृक्षावरचा. नव्या जगातील किडा, म्हणजे कोचिनील, हिंदुस्थानात पोसता आला तर स्पेनची मक्तेदारी मोडेल, असा ईस्ट इंडिया कंपनीचा होरा होता.

मद्रास येथे कंपनीच्या नोकरीत असलेले डॉ. जेम्स अँडरसन ह्यांनी १७८६ च्या अखेरीस गवतावर एक किडा पाहिला आणि हाच कोचिनील किंवा त्याचा निकटचा आप्त असावा असे त्यांस वाटले. त्यांनी लंडनला सर जोझेफ बँक्स ह्यांच्याशी पत्रव्यवहार केला, आणि तो पुढे मद्रासेत छापलाही. तो किडा कोचिनील नव्हता. परंतु त्या उत्साहातून मद्रासेत निवडुंगाची बाग उभी राहिली. किडा हाती येण्याआधीच त्याचे खाद्य लावून ठेवले गेले, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

किडा आला तो १७९५ मध्ये. कॅप्टन नील्सन ह्यांनी ब्राझीलमधील रिओ द जानेरो येथून तो निवडुंगासह कलकत्त्यास आणला. तेथील वनस्पती उद्यानाचे प्रमुख विल्यम रॉक्सबर्ग ह्यांनी तो निरनिराळ्या निवडुंगांवर सोडून पाहिला. येथे एक चमत्कारिक गोष्ट घडली. परदेशातून मुद्दाम आणलेल्या जातींवर तो धड वाढेना. परंतु ज्यास सर्वजण देशी समजत त्या निवडुंगावर मात्र त्याने झपाट्याने वंशविस्तार केला. तो ‘देशी’ निवडुंगही वस्तुतः दक्षिण अमेरिकेचाच होता. पूर्वीच्या शतकांत युरोपीय जहाजांतून येऊन तो येथे इतका रुळला होता की त्याचे परकेपण कोणाच्या स्मरणात उरले नव्हते. किड्याने त्यास ओळखले, मनुष्यांनी ओळखले नाही.

नील्सनचा किडा उत्तम रंग देणारा कोचिनील नव्हता. व्यापारात उत्तम आणि रानटी असे दोन प्रकार मानले जात; आलेला किडा रानटी होता. परंतु हा भेद व्यापाऱ्यांच्या लेखी मालाच्या प्रतीचा होता. त्या दोन भिन्न जाती आहेत आणि प्रत्येकीची आवड निराळ्या निवडुंगाची आहे, हे ज्ञान पुढील काळाचे. आज ज्यास डॅक्टिलोपियस सिलोनिकस म्हणतात ते नाव त्या किड्यास मिळाले १८९६ मध्ये, म्हणजे तो कलकत्त्यास उतरल्यानंतर शंभर वर्षांनी. रंगाचा धंदा बुडाला. किडा मात्र राहिला, आणि त्याने उत्तर हिंदुस्थानात व पुढे दक्षिणेत त्या एका जातीच्या निवडुंगाचा जवळजवळ निःपात केला. १८६० नंतरच्या काही वर्षांत तो दक्षिण हिंदुस्थानातून सिंहलद्वीपात नेण्यात आला, तो मात्र रंगासाठी नव्हे, तर निवडुंग मारण्यासाठीच. तण मारण्यासाठी एका देशातून दुसऱ्या देशात कीड मुद्दाम नेल्याचे हे जगातील आरंभीचे उदाहरण मानले जाते. एक फसलेला व्यापार अशा रीतीने एका नव्या शास्त्राचा उगम ठरला.

दख्खनमधील निवडुंग ह्या किड्याच्या तावडीतून सुटला, कारण येथील जात निराळी होती. मुंबई इलाख्याच्या कोरड्या मुलखात ओपन्शिया इलेटिअर आणि दक्षिणेकडे ओपन्शिया डिलेनी ह्या जाती माजल्या होत्या. आरंभी हे कुंपण गावास सोयीचेच वाटले असणार. पाणी नको, राखण नको, गुरे तोंड लावीत नाहीत, आणि एक फडा मातीत खोचला की भिंत तयार होते. पण ही भिंत वर्षागणिक आत सरकते. गावकुसाशी, ओढ्याच्या काठी, पडीक वाड्यांच्या जोत्यांवर निवडुंगाची जाळी झाली. त्यांत सापविंचू राहू लागले, घाण साचू लागली, आणि जमीन लागवडीतून जाऊ लागली. तोडून टाकलेला फडा पुन्हा मूळ धरतो, त्यामुळे तोडणे म्हणजे लावणेच झाले. दुष्काळात काटे जाळून फडे गुरांस घालीत, एवढाच काय तो त्याचा उपयोग राहिला.

सुटका झाली ती दुसऱ्या किड्याने. ऑस्ट्रेलियात निवडुंगाने लक्षावधी एकर जमीन व्यापली होती, आणि त्यावर उपाय शोधण्यासाठी क्वीन्सलंडच्या सरकारने नेमलेले जॉन्स्टन व ट्रायॉन हे दोघे १९१२ ते १९१४ ह्या काळात जगभर फिरले. हिंदुस्थान व सिंहलद्वीप येथेही ते आले होते. येथून त्यांनी १७९५ च्या किड्याचे वंशज ऑस्ट्रेलियात नेले. पुढे ऑस्ट्रेलियाने अमेरिकेतून आणखी कीटक आणविले. त्यांपैकी डॅक्टिलोपियस ओपन्शिई ही जात ऑस्ट्रेलियातून सिंहलद्वीपात आणि तेथून १९२६ मध्ये दक्षिण हिंदुस्थानात आली. ह्या खेपेस किडा आणि निवडुंग ह्यांची जोडी बरोबर जुळली. किडे लागलेले फडे गाड्यांतून नेऊन निरोगी जाळ्यांवर टाकीत; थोड्या महिन्यांत हिरवे फडे पांढऱ्या कापसाने मढल्यासारखे होऊन पिवळे पडत आणि कोसळत. पाच-सहा वर्षांत दक्षिणेतील फार मोठे क्षेत्र मोकळे झाले, आणि पुढे मुंबई इलाख्यातील निवडुंगाचीही तीच गत झाली.

१७९५ आणि १९२६ ह्या दोन प्रसंगांत साधन एकाच कुळातील होते. फरक होता तो ओळखीचा. पहिल्या वेळी किडा, निवडुंग आणि हेतू ह्या तिहींची ओळख चुकली होती. दुसऱ्या वेळी किती कीटक सोडले ह्यापेक्षा कोणती जात कोणत्या जातीवर सोडावयाची ह्याचा निर्णय महत्त्वाचा ठरला. आमच्या कृषि-इतिहासाच्या पुस्तकांत ह्या यशाचे वर्णन शास्त्राचा विजय असे केले जाते, आणि ते खोटे नव्हे. मात्र ज्याचे कुंपण एका हंगामात कोसळले आणि ज्यास नव्याने बाभळीच्या काट्या आणून वई घालावी लागली त्याच्या दृष्टीने ती कीडच होती, ह्याचा उल्लेख त्या वर्णनांत क्वचितच आढळतो.

घाणेरीची कथा ह्याहून कमी सुखाची आहे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी कलकत्त्याच्या उद्यानात शोभेसाठी व कुंपणासाठी आलेले हे झुडूप घाटमाथ्यांपासून माळांपर्यंत पसरले. वाय. रामचंद्र राव ह्यांनी घाणेरीवरील कीटकांची पाहणी करून १९२० मध्ये आपला प्रबंध प्रसिद्ध केला. तिला आवर घालील असा एकही देशी कीटक त्यांस आढळला नाही. १९२१ मध्ये घाणेरीच्या फळांत वाढणारी एक माशी आणविण्यात आली. १९४१ मध्ये ऑस्ट्रेलियातून डेहराडून येथे पानांतील रस शोषणारा एक जाळीदार पंखांचा ढेकूण आणला गेला, परंतु चाचणीत तो सागाच्या फुलांवरही जगू शकतो असे दिसून आल्यामुळे त्यास मोकळे सोडण्याची परवानगी मिळाली नाही. साग आणि घाणेरी त्या काळी एकाच कुळात गणले जात, तेव्हा शंका रास्तच होती. तरीही तो निसटला, आणि आज देशात सर्वत्र आढळतो. घाणेरीची पाने वरून फिकट ठिपक्यांची आणि खालून काळ्या विष्ठेच्या टिपक्यांनी भरलेली दिसली तर ते बहुधा त्या पळून आलेल्या पाहुण्याचे काम असते. घाणेरी मात्र त्याला पुरून उरली.

सुबाभळीविषयी थोडक्यात सांगणे पुरे. सामाजिक वनीकरणाच्या काळात, विशेषतः १९८२ नंतर, महाराष्ट्रात बांधावर आणि चाऱ्याच्या कुंपणासाठी तिची लागवड फार झाली. तिच्या कोवळ्या शेंड्यांवरील उड्या मारणारा बारीक किडा १९८४ मध्ये हवाईत, नंतर एकेक बेट ओलांडीत फिलिपाइन्स, इंडोनेशिया व श्रीलंका येथे आणि १९८८ मध्ये भारतात आला. त्याच वर्षी थायलंडहून त्याचा भक्षक असा निळसर काळा ढालकिडा आणून सोडण्यात आला. वनस्पती आणि तिची कीड ह्यांच्या आगमनांतील अंतर विमानयुगात किती आखडले आहे हे येथे दिसते.

आता वृक्षांकडे वळू. जुन्या देशी वृक्षाची आणि त्याच्या किडींची ओळख हजारो वर्षांची असते, आणि त्या किडींचे शत्रूही तेथेच नांदत असतात. म्हणून निंबाच्या किंवा वडाच्या पानास भोक दिसले की औषध शोधावयाचे, ही रीत इतिहासदृष्ट्या उलटी आहे. वराहमिहिराने बृहत्संहितेतील वृक्षायुर्वेदात पाने पिवळी पडणे, अंकुर न वाढणे, फांद्या वाळणे व रस गळणे ही रोगाची लक्षणे प्रथम सांगितली आहेत. शस्त्राने दूषित भाग काढून वावडिंग, तूप आणि चिखल ह्यांचा लेप द्यावा, हा उपचार त्यानंतर येतो. लेपाचा गुण किती हा प्रश्न बाजूला ठेवू. आधी लक्षण, मग शस्त्र आणि शेवटी लेप, हा क्रम आजही मान्य होण्याजोगा आहे.

निंबाचे उदाहरण घेऊ. फाल्गुनात निंबाची पाने पिवळी होऊन गळतात आणि पाडव्याच्या सुमारास तांबूस पालवी फुटते. हा रोग नव्हे, हे खेड्यातील पोरही जाणते. परंतु पावसाळ्याच्या अखेरीपासून थंडीपर्यंत केवळ शेंडे करपले, पाने तपकिरी होऊन फांदीलाच लोंबत राहिली, तर कारण निराळे असते. टी मॉस्किटो बग ह्या नावाचा सडपातळ ढेकूण कोवळ्या शेंड्यांत सोंड खुपसतो, आणि फोमोप्सिस ॲझाडिरॅक्टी नावाची बुरशी शेंडे मारते. ह्या बुरशीचे स्वतंत्र जात म्हणून वर्णन १९९७ मध्ये झाले. २०२१ मध्ये तेलंगणात निंब मोठ्या संख्येने असे वाळू लागले तेव्हा भीती पसरली. पुढे पुष्कळ झाडांस नवी पालवी फुटली. उंच वृक्षावर फवारा मारण्यापेक्षा हाती लागणाऱ्या वाळल्या फांद्या कापून जाळणे आणि झाडास अवधी देणे, हा मार्ग अशा वेळी अधिक शहाणपणाचा.

निंबाच्या बियांतील द्रव्य टोळांस पानांपासून दूर ठेवते हे दिल्लीच्या भारतीय कृषि संशोधन संस्थेत प्रधान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६२ मध्ये दाखविले. ॲझाडिरॅक्टिन हे द्रव्य १९६८ मध्ये वेगळे काढण्यात आले. असा हा कीटकांचा वैरी पश्चिम आफ्रिकेत नेऊन लावला गेला, आणि १९८० नंतरच्या दशकात चाड सरोवराच्या परिसरात त्यास खवले कीड लागून झाडे निस्तेज झाली. ती कीडही पौर्वात्यच. आपला वृक्ष परदेशी गेला तरी मागाहून येणाऱ्या किडीचा नियम त्यालाही चुकला नाही.

बागेतील मोठ्या झाडांवर व कडेच्या झुडपांवर दिसणाऱ्या खुणा वाचण्यास फारशी उपकरणे लागत नाहीत. पान कडेपासून कुरतडलेले आणि खाली जमिनीवर काळ्या-हिरव्या गोळ्या पडलेल्या असतील तर वर अळी आहे. तगर आणि कण्हेर ह्यांच्या कुंपणावर ती बहुधा डोळ्यासारखे निळे ठिपके असलेली मोठी हिरवी अळी असते. ती हाताने वेचावी. पाने चिकट, त्यांवर काजळी, आणि फांदीवर मुंग्यांची रांग असेल तर मावा, खवले कीड किंवा पिठ्या ढेकूण शोधावा. मुंग्या त्यांच्या राखणदार असतात. करंजाच्या पानांवरील फोडांसारख्या गाठी सूक्ष्म कोळ्यांच्या असतात. त्या दिसावयास ओंगळ, परंतु मोठ्या झाडास त्यांपासून भय नसते. शेवग्याच्या खोडावर दिवसा केसाळ सुरवंटांचे घोळके बसतात, तेथेच ते नष्ट करता येतात. रात्री ते पानांवर पांगल्यावर करावयाचे काहीच उरत नाही.

ह्या सर्वांवर एकच औषध मारण्याची सवय दुसऱ्या महायुद्धानंतरची आहे. त्यापूर्वी तंबाखूचा काढा, साबणाचे पाणी, राख आणि शिशाचे क्षार अशी सामग्री होती, आणि तीही सर्वस्वी निर्दोष नव्हती. डीडीटी आणि बीएचसी आल्यावर किडीचे नाव विचारण्याचे कारणच उरले नाही. शेतीतील डीडीटी १९८९ मध्ये आणि बीएचसी १९९७ मध्ये बंद झाली, पण सवय राहिली. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना वीसहून अधिक माणसे विषबाधेने दगावली. उंच वृक्षाखाली उभे राहून वर फवारा मारणाऱ्याच्या अंगावर ते विष उतरते, आणि रस्त्याकाठचा निंब असेल तर खालच्या उपाहारगृहातील पाण्यावरही. उलट, पपईवरील पिठ्या ढेकूण २००८ मध्ये देशात आढळला आणि जास्वंदीच्या कुंपणांपर्यंत पसरला, तेव्हा त्याचे मूलस्थान मेक्सिको व मध्य अमेरिका हे ठाऊक होते. त्यामुळे त्याच्यावर जगणारी एक सूक्ष्म गांधीलमाशी २०१० मध्ये पोर्तो रिकोहून आणविता आली, आणि थोड्याच काळात तो आवरला गेला.

निवडुंगाचे प्रकरणही संपलेले नाही. दुष्काळी भागांत चाऱ्यासाठी बिनकाट्यांचा निवडुंग लावावा असा प्रयत्न अलीकडे महाराष्ट्रात सुरू झाला आहे, आणि १९७२ चा दुष्काळ व अलीकडच्या काळातील चारा छावण्या पाहिलेल्या बीड जिल्ह्यास त्याचे आकर्षण वाटणे स्वाभाविक आहे. परंतु ह्या निवडुंगाची जात डॅक्टिलोपियस ओपन्शिई ह्या किड्यास मानवणारी आहे. मोरोक्कोत तो २०१४ मध्ये पोहोचला आणि खेड्यांभोवतीची निवडुंगाची कुंपणे, जी तेथील शेतकऱ्यांचे फळ आणि चारा दोन्ही होती, काही वर्षांत उद्ध्वस्त झाली. सरकारला ती उपटून जाळावी लागली. आपल्याकडे ज्याचे उपकार मानले गेले तोच हा किडा, आणि दख्खनमध्ये उरलेल्या जुन्या निवडुंगांवर तो आजही जिवंत आहे. फड्यावर कापसासारखा ठिपका दिसला आणि तो चिरडल्यावर बोट तांबडे झाले, तर ओळख पटली असे समजावे. बिनकाट्यांच्या निवडुंगाचे बियाणे म्हणजे फडेच. लागवडीसाठी ते गाडीत घालून एका गावाहून दुसऱ्या गावी न्यावे लागतात, आणि १९२६ नंतर कीड पसरविण्यासाठी मुद्दाम वापरलेली रीत हीच होती.